कार्डाचं बारसं

लिनक्समध्ये पूर्वी नेटवर्क कार्डाचं नाव 'ईथ०' असे. दुसरं कार्ड आलं की 'ईथ१'. इतकं साधं नाव कुणीही लक्षात ठेवे, हीच मोठी गैरसोय. शिवाय मशीन पुन्हा सुरू केलं की हे दोघे भाऊ कधीकधी नावांची अदलाबदल करत.

२०१३ साली लिनक्समधल्या 'सिस्टमडी' या प्रणालीच्या १९७व्या आवृत्तीने यावर जालीम उपाय काढला: आधीच ओळखता येतील अशी नावं. आता कार्ड झालं 'ईएनपी३एस०'. ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआय बस क्रमांक ३, एस० म्हणजे मुक्काम शून्याव्या खाचेत. झोपेतून उठवून विचारलं तरी कुणीही सांगेल.

शेजारी एक ग्राफिक्स कार्ड बसवा. बसचे क्रमांक सरकतात. नेटवर्क कार्ड जागचं हललेलं नसतं, पण नाव होतं 'ईएनपी४एस०'. कॉन्फिगरेशनची फाइल मात्र 'ईएनपी३एस०'ची वाट पाहत बसते आणि सर्व्हर नेटवर्कवरून गायब. शिस्त म्हणजे शिस्त.

हीच पद्धत आपल्या घरीही आणावी. आत्याने बाळाच्या कानात 'बी विंग, तिसरा मजला, पाळणा शून्य' म्हणून कुर्रर्र करावं. आजोबांनी मध्ये एक भिंत घातली की बाळाचं नाव आपोआप बदलेल. आधार कार्डवाल्यांनी तेवढं समजून घ्यावं.

कुणा जुनाट माणसाला 'ईथ०'च हवं असेल, तर कर्नलच्या ओळीत 'नेट.इफनेम्स=०' लिहायची सोय आहे. मी लिहिलंय. कुणाला सांगू नका.