गुरुजी हजर, रेंज गैरहजर

धाराशिव जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत इयत्ता चार, गुरुजी दोन; त्यातले एक बहुधा पंचायत समितीत मीटिंगला. उरलेले एक जण एकाच फळ्यावर पहिलीचा 'अ' आणि चौथीचा भागाकार शेजारी शेजारी नांदवतात. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले. पोरं चौदा असली तरी इयत्ता चारच राहतात, ही भानगड कायद्याला कुणी सांगितली नसावी.

बाकी कामं तशी किरकोळ. खिचडी शिजली की ताटं मोजून आकडा ॲपवर चढवायचा. भूम-परंड्याच्या माळावर रेंज नसेल, तर पाण्याच्या टाकीवर चढायचं. मतदारयादी आहेच. पण खरी गंमत आधारची. कार्डावरचं नाव आणि हजेरीपटावरचं नाव जुळलं नाही, की पोरगं समोर सतराचा पाढा घडाघडा म्हणत असलं तरी संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, हिशेबात ते नाहीच. आणि पट घटला म्हणून गुरुजी अतिरिक्त!

२०१८ साली नीती आयोगाने जिल्ह्याला 'आकांक्षित' ठरवलं. मागास म्हणण्याची ही फार सभ्य रीत. २०२३ मध्ये तर जिल्ह्याचं नावच बदललं. भिंतीवरचं उस्मानाबाद पुसून धाराशिव लिहायचं काम अर्थातच हस्ताक्षर चांगलं असलेल्या गुरुजींकडे आलं. त्या दिवशी भागाकार राहिला.