खंडाचा दिवस

नगरपरिषदेतल्या कंत्राटी माणसाला अकरा महिने भरले की एक दिवसाचा खंड देतात. त्या दिवशी तो कोणीच नसतो. दुसऱ्या दिवशी आस्थापना विभाग त्याला नव्याने शोधून काढतो आणि त्याच खुर्चीवर बसवतो.

हे चालतंच. पण आमच्याकडे यंदा नेमक्या खंडाच्याच दिवशी मनुष्यबळ विकासाची कार्यशाळा लागली. सभागृहाबाहेर फलक होता, ‘कर्मचारी हीच आपली खरी संपत्ती’. संपत्तीचा बराचसा भाग त्या दिवशी कागदोपत्री अस्तित्वातच नसल्याने फोल्डर, पेनं आणि व्हेज पुलाव उरला.

पाण्याचं मात्र उरून-पुरून चालत नाही. आमच्या भागाचा चावीवाला कंत्राटी. कुठल्या चौकात कुठल्या झाकणाखाली व्हॉल्व आहे, याचा नकाशा कचेरीत एकेकाळी होता म्हणे; आता तो फक्त या गृहस्थांच्या डोक्यात आहे. देवळाजवळचा व्हॉल्व अकरा फेरे फिरवायचा, बारावा फिरवला की खालच्या आळीत पाइप फुटतो, हे तेच जाणतात. मग खंडाच्या दिवशी पाणी कोणी सोडायचं? नियमाने, कोणीच नाही. म्हणून पहाटे चार वाजता एक अनोळखी इसम खांद्यावर लोखंडी चावी टाकून आला, सरकारी झाकण उचकटून त्याने सरकारी व्हॉल्व बरोबर अकरा फेरे फिरवला आणि निघून गेला. खरं तर पोलिसांत वर्दीच द्यायला हवी होती. पण लॉगबुकात नाव नाही, सही नाही, नुसता शेरा आहे : ‘पाणीपुरवठा सुरळीत’. म्हणजे वर्षातून एक दिवस आमच्या गावात पाणी आपण होऊन येतं. हा चमत्कार ३६५ दिवस का चालवत नाहीत, हे विचारायला मी कार्यशाळेत गेलो होतो. तिथे ‘ताणतणाव व्यवस्थापन’ चाललं होतं आणि सगळ्यांनी डोळे मिटले होते.

बरं, त्या पहाटे चेंबरमध्ये पाय घसरला असता तर? भरपाई नाही, विमा नाही, अपघात कामावर झालाच नाही, कारण काम नव्हतंच आणि कामगारही नव्हता. पंचनाम्यात ‘अंदाजे पंचेचाळीस वर्षांचा पुरुष’ एवढीच त्याची ओळख. यावर हसून दाखवा.

या खंडामागचं शहाणपण असं, की वर्षात २४० दिवस भरले की माणूस कायमपणावर हक्क सांगायला लागतो. अहो, पण अकरा महिन्यांत, साप्ताहिक सुट्ट्या वजा करूनही, २४० कधीच मागे पडतात! म्हणजे लबाडी करायची तर ती तरी हिशेबाने करावी. शिवाय, माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरता ठेवून कायम नोकरीचे लाभ नाकारणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं याच राज्याने १९७१ साली कायद्यात लिहून ठेवलंय. चौथी अनुसूची, बाब सहा. आस्थापना विभागाला ही बाब तोंडपाठ असावी, कारण दर टिपणीत तिला बरोबर वळसा घातलेला असतो : ‘आकृतिबंधात पद मंजूर नाही, तथापि कामाची निकड विचारात घेता…’ पद नाही, पण निकड आहे आणि ती गेली सतरा वर्षं आहे!

मध्ये कायम पदांची जाहिरात निघाली. चावीवाल्यांनी अर्ज केला. अनुभवाचा दाखला मागायला गेले, तर ज्या टेबलाने दरवर्षी खंड दिला त्याच टेबलाने सांगितलं, ‘तुमच्या सेवेत खंड आहेत, सलग अनुभव धरता येत नाही.’ वयाची अट खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. यांना चव्वेचाळिसावं लागलेलं. हे वय कुठे घालवलं, म्हणून विचारणारा एकही रकाना अर्जात नव्हता. आणि समजा निवड झालीच असती, तर पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षणाला पाठवलं असतं, व्हॉल्व कसा फिरवावा यावर. ते शिकवणाऱ्याने व्हॉल्व पडद्यावर पाहिलेला असतो.

फेरनियुक्तीआधी एक हमीपत्र द्यावं लागतं : ‘मी कायम करण्याची मागणी करणार नाही.’ पूर्वी ते शंभराच्या मुद्रांकावर व्हायचं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा जमाना संपला, आता पाचशे मोजा. हक्क सोडायचा खर्चही ज्याचा त्याने करायचा, आणि तोही बिनपगारी दिवशी. व्हॉल्व बंद करून चावीवाले तसेच ओल्या पँटीनिशी मुद्रांकाच्या रांगेत उभे होते. विक्रेत्याने हेतूच्या रकान्यात ‘नोकरीकामी’ लिहिलं आणि वर वीस रुपये जास्त मागितले.