आनंदाची सक्ती

वयात आलेली लेक मोबाइल सोडून निसर्गात रमावी, म्हणून पुण्यातले बाबालोक हल्ली तिला गिअरची सायकल घेऊन देतात आणि रविवारी पहाटे सिंहगडाच्या चढाला जुंपतात. दर वळणावर दोनच हुकूम: गिअर बदल आणि एन्जॉय कर! दुसरा मोडला तर बोलणी बसतात. वास्तविक माउंटन बायकिंगचा हा खेळ १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजला, तो उतारावर. तिथली पोरं जुन्या सायकली अनेकदा ट्रकमध्ये टाकून डोंगरमाथ्यावर नेत आणि धुरळा उडवत खाली येत. सोबतीला मित्र असत, बाबा नसत. तरीही १९९६ साली खेळ ऑलिंपिकला पोचलाच. तेव्हा बाबांनो, लेकीला हेल्मेट द्या, उतार द्या, मैत्रिणी द्या. आणि आपण रविवारी निवांत झोपा.