कयस धरावा का झेंडा?

आमच्या गल्लीत सध्या दोनच विषय आहेत: नळ कधी येतो, आणि कोपऱ्यावरच्या भाऊसाहेबांचं घर उंच की समोरच्या गुरुजींचं. दोघांनीही यंदा वरचा मजला चढवला. गुरुजींचा स्लॅब हातभर वर निघाला. त्यावर भाऊसाहेबांनी जिन्यावर खोली काढली, खोलीवर पाण्याची टाकी ठेवली, टाकीला लोखंडी पाइप बांधला आणि पाइपावर झेंडा लावला. आता हायवेवरून गुरुकुंज आश्रमाकडे वळणाऱ्या माणसाला पहिलं आपलंच घर दिसतं, असं ते चहाच्या टपरीवर सांगतात. गुरुजी शांतपणे ऐकतात आणि एवढंच विचारतात, "झेंड्यावर कोन राह्यते?"

ही सगळी खबर मला तुराट्यांच्या कुंपणापलीकडून, शेजारच्या वैनींकडून मिळते. परवा अंबाडीची भाजी निवडता निवडता त्यांनी निकालच मागितला.

"भाऊजी, तुमी तं बांधकाम खात्यात होते. झेंडा मोजत असते का नाई, सांगून टाका एकदाचं. गल्लीत दुसरं बोलनंच उरलं नाई."

"सांगतो. पन हे भांडन काई आपल्या मोझरीचं नोय. न्यूयॉर्कात शंभर वर्सं होत आले, हेच चालू हाय."

वैनींनी परात बाजूला सरकवली. मोडलेल्या भागीदारीची गोष्ट म्हटली की त्यांचे कान टवकारतात, आणि ही तशीच आहे. विल्यम व्हॅन ॲलन आणि क्रेग सेव्हरन्स हे दोघे आर्किटेक्ट, एकेकाळचे भागीदार. पुढे बिनसलं. नेमक्या त्यानंतर दोघांच्या हाती एकाच वेळी दोन टोलेजंग इमारती आल्या. व्हॅन ॲलनकडे क्रायस्लर, सेव्हरन्सकडे ४० वॉल स्ट्रीट. एकाने आकडा जाहीर केला की दुसरा आराखडा वाढवायचा. अखेर सेव्हरन्सने २८३ मीटर गाठले आणि सुटकेचा श्वास सोडला. इकडे व्हॅन ॲलनने क्रायस्लरच्या डोक्याच्या आतल्या आत, बाहेर कुणाला पत्ता लागू न देता, पोलादी सुळका तुकड्यातुकड्यांनी चढवून जोडून ठेवला होता. चांगला ५६ मीटरचा. २३ ऑक्टोबर १९२९ ला दीडेक तासात तो वर काढला आणि क्रायस्लर ३१९ मीटरची झाली. दुसऱ्या दिवसापासून तिथला शेअर बाजार कोसळायला लागला, हा भाग वेगळा.

"बापा! म्हंजे भाऊसाहेबानं रातोरात पाइप लावला, तसंच झालं हे," वैनी म्हणाल्या.

"तसंच. अन् तठी बी एक गुरुजी निंगाले. सेव्हरन्सकडचे सल्लागार होते, श्रीव्ह अन् लॅम्ब. त्यायनं पेपरात सांगतलं, क्रायस्लरचा सुळका नुसता शोभेचा, तठी मानूस जाऊच शकत नाई. ज्या मजल्यावर पाय ठेवता येते असा सगळ्यात उंच मजला आमचाच."

"बरोबर तं हाय त्यायचं."

"आता पुढचं आयका. त्याच श्रीव्ह अन् लॅम्बनं लागलीच एम्पायर स्टेट बांधली, १९३१ साली. तिच्या डोक्यावर काय ठेवलं? खांब! म्हने, हवेत तरंगनारी जहाजं इथं येऊन बांधू. तठी वारा एवढा का एक जहाज धड बांधता आलं नाई. पन उंची भरली, ३८१ मीटर."

वैनी खो खो हसल्या. झेंडा वाईट असतो तो दुसऱ्याच्या घरावरचा, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्या गल्लीतच राहतात.

पडवीतल्या खाटेवर त्यांचे सासरे बसले होते. आबाजी बोलतात कमी. प्रार्थनेला जायचं म्हणून टोपी घालून ते तासभर आधीच तयार असतात. "मानूस राह्यते तठवरच घर," ते म्हणाले. "त्याच्या वरतं समदं तोरन."

आबाजींचं हे मत जगात चालत नाही, हेच तर दुखणं. उंच इमारतींचा निवाडा करणारी एक परिषद आहे, १९६९ मध्ये निघालेली, आता शिकागोत. ती म्हणते, इमारतीच्या रचनेचाच भाग असलेला सुळका मोजायचा. पण अँटेना, पाट्या आणि झेंड्याचे खांब मोजायचे नाहीत. देवळाची उंची सांगताना आपण कळस धरतो, दरसाल बदलणारा झेंडा धरत नाही, तसंच काहीसं. मी हे वैनींना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे लकाकले. नियमात झेंड्याचं नाव घेऊन लिहिलंय म्हटल्यावर भाऊसाहेबांचा निकाल लागलाच.

"पन मंग कोनता कयस अन् कोनता झेंडा, हे कोन ठरोते?" त्यांनी विचारलं.

खरी गोम इथेच आहे. क्वालालंपूरचे पेट्रोनास जुळे मनोरे ४५२ मीटरचे ठरले ते सुळक्यांमुळे. शिकागोच्या तेव्हाच्या सिअर्स टॉवरचं छत ४४२ मीटरवर, त्यात माणसं बसतात तो शेवटचा मजला पेट्रोनासच्या शेवटच्या मजल्यापेक्षा चांगला वर, आणि अँटेना धरली तर सिअर्स पाचशे मीटरच्याही वर. तरी १९९६ मध्ये पहिला नंबर पेट्रोनासला गेला. शिकागोवाले चिडले. मग परिषदेने तोडगा काढला की एक नव्हे, चार याद्या करू: रचनेच्या टोकापर्यंत, वापरातल्या शेवटच्या मजल्यापर्यंत, छतापर्यंत, अँटेनाच्या टोकापर्यंत. ज्याला जो पहिला नंबर हवा तो त्याने घ्यावा. छताची यादी पुढे बंद केली, कारण नव्या इमारतींना धड छत असं उरलंच नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून पुन्हा तोच वाद. छत ४१७ मीटरवर आणि त्यावर लांबलचक काठी. ती धरली तर उंची भरते १,७७६ फूट, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याचं साल. परिषदेने काठीला कळस म्हटलं. स्वातंत्र्याच्या सालाला झेंड्याची काठी म्हणायची कुणाची छाती?

एवढ्यात वैनींच्या पोराचा फोन आला. तो मुंबईत लिफ्ट बसवणाऱ्या ठेकेदाराकडे आहे. वैनींनी फोन स्पीकरवर टाकला आणि हालहवाल बाजूला ठेवून थेट विचारलं, "काऊन रे, मुंबईत सगळ्यात उंच बिल्डिंग कोनती?"

"कोनाले इचारतं त्याच्यावर हाय, माय," पोट्टं म्हणालं. मला ते उत्तर भारी आवडलं.

त्याचं खरंच होतं. वरळीचं पॅलेस रोयाल ३२० मीटरचं. काम सुरू झालं २००८ च्या सुमाराला, मग खटले, प्रकरण पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. उंची गाठून झाली तरी कितीक वर्षं तिथे राहायला कुणी नव्हतं. आणि परिषदेचा आणखी एक नियम असा की इमारत बाहेरून पुरी झालेली हवी आणि निदान काही भाग माणसांच्या वापरासाठी खुला हवा, तेव्हाच ती 'पूर्ण' इमारतींच्या यादीत येते. म्हणून महालक्ष्मीची मिनर्व्हा, ३०१ मीटरची, ठासून म्हणू शकली की लोक राहतात अशांत आम्हीच पहिल्या. त्यांच्या आधी लोअर परळची वर्ल्ड वन होती, २८० मीटर. ती मुळात ४४२ मीटरची बांधायची होती, म्हणजे नेमकी सिअर्सच्या छताएवढी. विमानतळ प्राधिकरणाने तेवढ्या उंचीला परवानगी दिली नाही, ती ७६ मजल्यांवर थांबली.

"ते गिरनीच्या जाग्यावर हाय ना?" आबाजींनी खाटेवरून विचारलं.

हो. वर्ल्ड वन श्रीनिवास मिलच्या जागेवर, पॅलेस रोयाल श्रीराम मिलच्या. आबाजी काही बोलले नाहीत, पण त्यांच्या तरुणपणी इकडचा कापूस गाठी बांधून मुंबईलाच जायचा. गिरण्यांच्या चिमण्या त्यांनी कधी पाहिल्या होत्या की नाही, मी विचारलं नाही. बहुधा असतील, कारण पुढचा प्रश्न त्यांनी असा टाकला: "मंग चिमनी बी मोजाले पायजे. ते तं उंच होती."

चिमणी नाही चालत. अर्ध्याहून अधिक उंचीला वापरायचे मजले नसतील तर परिषद त्या बांधकामाला इमारतच म्हणत नाही. कॅनडात टोरोंटोला सीएन टॉवर ५५३ मीटरचा आहे, पण त्याची गणती मनोऱ्यात होते, इमारतीत नाही. या हिशेबाने आपल्या मोझरीतला मोबाईलचा टॉवरही बाद, हे वैनींनी स्वतःच ताडलं.

मला मात्र विमानतळवाल्यांचा हिशेब सगळ्यात गमतीचा वाटतो. त्यांना घराच्या पायरीपासून काही घेणं नाही. विमान आकाशातून येतं, म्हणून ते मोजतात समुद्रसपाटीपासून. टोक समुद्राच्या किती वर, एवढंच बोला. हे सांगितल्यावर वैनी क्षणभर थांबल्या.

"आपली अमरावती किती उंच हाय हो समुद्रापासून?"

"तीनशे चाळीसेक मीटर."

"अन् ते वरयीचं पॅलेस तीनशे वीस? वरयी तं समुद्राच्या काठीच हाय!" त्या टाळी वाजवून म्हणाल्या. "म्हंजे अमरावतीच्या राजकमल चौकात उभा मानूस त्या बिल्डिंगीच्या गच्चीवाल्याच्या बी वर!"

हिशेब चोख आहे, विमानतळाच्या पद्धतीने. आणि चिखलदरा अकराशे मीटरच्या वर, म्हणजे तिथली झोपडीसुद्धा दुबईच्या ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफावर मात करते. वैनींनी हा मुद्दा तिथेच गाठीला बांधून ठेवला. टपरीवर तो निघणार, यात मला शंका नाही.

बुर्ज खलिफाचं खरं गुपित निराळं आहे. त्याच्या ८२८ मीटरपैकी वरचे २४४ मीटर नुसता सुळका. त्यात माणूस राहत नाही. मुंबईत अंबानींची अँटिलिया १७३ मीटरची. म्हणजे तिच्याहून उंच भाग दुबईला डोक्यावर मोकळा ठेवला आहे. अँटिलियाची गंमत उलटी. मजले म्हणाल तर २७, पण एकेक मजला एवढा उंच की त्याच उंचीत इतरांचे पन्नासेक मजले मावतात. मजले मोजणाऱ्याला ती मध्यम, मीटर मोजणाऱ्याला उंच.

"मजल्याचं तं बोलूच नका," फोनवरून पोट्टं म्हणालं. "एका टॉवरले लिफ्टच्या बटनायत तेरा नंबरच नोयता. बारानंतर सरके चौदा. अन् खाली पार्किंगचे मजले निराये."

आता मला विचाराल तर मी आबाजींच्या बाजूचा. उभी नोकरी मोजपट्टी आणि एम.बी., म्हणजे मोजमापाची वही, घेऊन फिरण्यात गेली, त्यामुळे म्हणा. आपल्या देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेत उंचीची व्याख्या अगदी आबाजींसारखी आहे. इमारतीभोवतीच्या जमिनीची सरासरी पातळी धरायची, तिथून सपाट छत असेल तर शेवटच्या राहत्या मजल्याच्या गच्चीपर्यंत मोजायचं, आणि निव्वळ शोभेसाठी जे काही उभारलं असेल ते सोडून द्यायचं. उघडच आहे. आग लागली तर बंबवाल्याला माणूस किती वर अडकलाय ते हवं असतं, सुळका नाही. शिकागोच्या परिषदेला जगाचं कौतुक करायचं असतं, संहितेला माणूस खाली आणायचा असतो.

"म्हंजे गुरुजी जिंकले," वैनी म्हणाल्या.

"थांबा. जमिनीची पातळी कोनती धरता? भाऊसाहेबाचं जोतं जुनं, गुरुजीनं अंगनात भराव टाकून जोतं चढोलं. त्या परिषदेवाल्यायचा नियम हाय, मानसाच्या येन्याजान्याचं सगळ्यात खालचं उघडं दार पकडा, तठून मोजा. भाऊसाहेबाचं दार खाली, म्हून त्यायचा हातभर फायदा होते."

"मंग भाऊसाहेब जिंकले?"

"गल्लीचा रस्ता दर खेपेले अजून एक थर घेऊन वर येते. चार-सहा वर्सं थांबा, भाऊसाहेबाचं दारच रस्त्याखाली जाईन. मंग तेयघर का मजला, याच्यावरून भांडा."

वैनींनी कपाळावर हात मारला. आबाजी मात्र तिसऱ्याच विचारात होते. त्यांनी फोनकडे तोंड करून विचारलं, "काऊन रे, सत्तर मजले चढून पानी वरतं जाते कसं?"

पोट्ट्याने समजावलं: एका मोटारीने एका दमात नाही चढत. मधे मधे मजल्यांवर टाक्या असतात, खालची टाकी मधलीला देते, मधली वरचीला, प्रत्येक टप्प्याला वेगळा पंप. आणि वरून खाली सोडतानाही दाब तोडत तोडत आणतात, नाहीतर खालच्या मजल्यावरचे नळ उडून जातील.

"अन् तू कोनत्या मजल्यावर राह्यतं?" आबाजींनी विचारलं.

"मी? कल्यानले, चायीत. तयमजला. पानी सकायी सा ते सात."

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "नळ आला!" वैनी परात तशीच टाकून मोटर लावायला धावल्या. मीही बादली घेतली. तासाभराने गल्लीत पुकारा झाला की आपली जिन्यावरची टाकी भरत नाही, एवढ्या उंचीला दाबच पुरत नाही, म्हणून भाऊसाहेब गुरुजींकडे दोन हंडे मागायला गेलेत.