काढू का?

फ्रीबीएसडी नावाची, युनिक्सच्या घराण्यातली एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. आमच्या बेलवलीत ती माझ्याशिवाय आणखी कुणाकडे असेल, असं वाटत नाही. असलीच तर त्या गृहस्थाने मला सकाळच्या लोकलमध्ये गाठावं. बसायला नाही, पण टेकायला जागा देईन. ही सिस्टिम तयारही मिळते, पण खरे भक्त सोर्स कोड उतरवून ती घरीच बांधतात. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला त्यात अख्खी रात्र जाते.

बांधण्याआधी काय नको ते एका फाइलीत लिहायचं. ब्लूटूथ नको, खेळ नकोत. हे खेळ पोरांना आवडतील असले नव्हेत. ‘मोर्स’ आपल्या मजकुराचं कट्ट कडकट्ट करून देतो. काढला. कारण: देशातली तारसेवा २०१३ साली बंद झाली. ‘पॉम’ चंद्राची आजची कला सांगतो. तोही काढला. कारण: भिंतीवर कालनिर्णय आहे आणि पॉमच्या शब्दावर आमच्या घरात कुणी संकष्टी सोडणार नाही.

पण नको म्हटल्याने आधीची फाइल जागची हलत नाही. त्यासाठी ‘मेक डिलीट-ओल्ड’ असा हुकूम सोडावा लागतो. कालबाह्य फाइलींची भलीमोठी यादी फ्रीबीएसडीच्या मंडळींनी वर्षानुवर्षं ठेवली आहे. नोंदीला तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस; पुढे थोडक्यात कारण. ‘बघू’ किंवा ‘असू दे, लागेल’ हे कारण कुठेच नाही. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे वाचताना परमुलखात आल्यासारखं होतं.

मग सिस्टिम एकेक फाइल पुढे करून विचारते, काढू का? हो म्हणून म्हणून बोटं दुखतात. युनिक्सवाल्यांकडे त्यावरही तोड आहे, ‘येस’ नावाचा प्रोग्राम. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून तो, कुणी थांबवेपर्यंत, नुसता होकार देत बसला आहे. इतका एकमुखी होकार मी फक्त सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकलाय, तोही ‘चहा मागवायचा का?’ या ठरावाला.

जुन्या लायब्रऱ्यांना, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या फाइलींना, मात्र वेगळा हुकूम. त्यांच्या जिवावर कुठला प्रोग्राम जगतोय सांगता येत नाही, म्हणून त्यांना सगळ्यात शेवटी हात लावायचा. जगभरच्या टाइमझोनच्या यादीतही कोलकाता आहे आणि कलकत्ताही. शहराचं नाव २००१ साली बदललं, पण जुन्या नावाने हाक मारणारे असतातच. हे मला पटतं. व्हीटीचं नाव १९९६ साली बदललं, तरी आमच्या डब्यात ‘व्हीटीला किती वाजता पोचेल हो?’ चालूच आहे.

ही शिस्त घरात आणावी म्हणून मी माळ्याची यादी करायला घेतली. पहिली नोंद: २००५०७२६, पत्र्याची ट्रंक, उल्हास नदीच्या पुराचं पाणी आलं म्हणून वर चढवली. पाणी उतरलं, ट्रंक उतरली नाही.

मी शिडीवर, आई खाली खुर्चीत.

“व्हीसीआर. काढू का?”

“असू दे. चालू आहे तो.”

“मिक्सरचं भांडं. मिक्सर कुठाय?”

“मिक्सर गेला. झाकण डब्याला बसतं.”

“पितळी घंगाळ?”

“हात लावू नकोस! शेजारच्या मावशी लग्नकार्याला नेतात.”

म्हणजे जुनी लायब्ररी.

“बरं, ट्रंक तरी?”

“एवढा पावसाळा जाऊ दे.”

२००५ पासूनचे सगळे पावसाळे गेले आहेत, हे मी बोललो नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं: काढता येत नाही, उल्हास नदीवर अवलंबून.