स्पाइकराव, एकदा चौकशी तरी करा!

मा. स्पाइकराव बुलडॉग यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण पुन्हा टॉमला धुतलंत आणि आगळीक पुन्हा जेरीची होती.

१९४२ साली 'टॉम अँड जेरी'चे जनक हॅना-बार्बेरा यांनी 'डॉग ट्रबल' या कार्टूनमधून आपल्याला पडद्यावर आणलं, तेव्हा आपण बोका आणि उंदीर दोघांच्याही मागे लागला होतात. वाटलं, चला, कुणीतरी निःपक्षपाती आलं. दोनच वर्षांत, 'द बॉडीगार्ड'मध्ये, जेरीने आपल्याला कुत्रे पकडणाऱ्यांच्या गाडीतून सोडवलं. 'शिट्टी मार, हजर होतो' असा शब्द आपण दिलात आणि निःपक्षपातीपणा तिथेच आटोपला. उपकार जरूर फेडावेत, पण बोक्याच्या कातड्यातून?

'क्वाएट प्लीज!' पाहताना तर टॉमसाठी जीव तुटतो. झोपमोड झाली तर खैर नाही, ही ताकीद एकट्या त्याला. मग जेरीला काय, आयतीच संधी! तो वरून बल्ब ढकलतो, टॉम ते अंगभर झेलतो, तर हा पठ्ठ्या त्याची शेपूट सॉकेटात खुपसून सगळे पेटवून दाखवतो. खरा गोंगाट कुणाचा, हा प्रश्न आपल्याला एकदाही पडला नाही. आणि या न्यायदानाला ऑस्कर!

१९४९पासून सोबत चिरंजीव टाइक. बाप झाल्यावर माणूस मवाळ होतो म्हणतात. आपलं फक्त कार्यक्षेत्र वाढलं. 'स्लिक्ड-अप पप'मध्ये बाळाला स्वच्छ ठेवायचं कुणी? टॉमने. चिखल कोण उडवणार? जेरी. मार कुणाला? जाऊ द्या.

एक मात्र मान्य. 'द ट्रूस हर्ट्स'मध्ये तहाचा प्रस्ताव आपलाच. (तिथे आपलं नाव बुच. नावं बदलली, ठोसा तोच.) तो तह मांसाच्या एका तुकड्यावरून मोडला, आमच्याकडे भावकी वीतभर बांधावरून मोडते, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

आपण दुष्ट नाही, स्पाइकराव. आपल्याला झोप हवी, हाड हवं, पोर सुखात हवं. फक्त, बोक्याची मान उभ्या उभ्या हाताला लागते आणि उंदरासाठी वाकावं लागतं.

१९५७ साली आपल्या बापलेकांच्या नावाची स्वतंत्र मालिका निघाली. दोन फिल्म झाल्या आणि एमजीएमने कार्टून स्टुडिओलाच टाळं लावलं. त्यात आम्हा मांजरवाल्यांचा हात नव्हता, याची नोंद असावी.

कळावे,
टॉमचा एक हितचिंतक

ता. क. पाकीट फाडताना आवाज होईल. तो टॉमने केलेला नाही.