ब्रदर

नोकरी गेली म्हणून हा नर्सिंगकडे वळला, असं आमच्या एडिसनमधली निम्मी मराठी मंडळी धरून चालतात. तसं काही झालेलं नाही. एका विमा कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टर आहे आणि ती नोकरी काही केल्या जात नाही. दर दोन वर्षांनी कपात होते, आजूबाजूची टेबलं रिकामी होतात, हा तिथेच. "गेली असती तर बरं झालं असतं रे," एकदा म्हणाला, "लोकांना सांगायला कारण तरी मिळालं असतं." वय त्रेचाळीस, गाव मिरज. बी. ई. इलेक्ट्रॉनिक्स, पहिला वर्ग, मॅथ्स थ्रीला एकदा एटीकेटी. आता न्यू जर्सीत राहून म्हणतो, नर्स होणार.

मंडळाच्या गणपतीत कुणीतरी थट्टेनं त्याला 'ब्रदर' म्हटलं आणि ते चिकटलं. प्रवेश अजून कुठेच नाही, पद मात्र मिळून गेलं.

असली माणसं माझ्या ओळखीत आणखीही आहेत. बायका जास्त. एच-फोर व्हिसावर वर्षानुवर्षं घरी बसलेल्या एम. कॉम. आणि एम. सी. ए., ज्यांना एक दिवस समजतं की अमेरिकेत आधी कुठलीही पदवी असली तरी थेट नर्सिंगच्या मास्टर्सला बसता येतं. हे खरं आहे. इतिहासवाला, बँकवाला, बासरीवाला, कुणीही चालतो. कोलंबिया विद्यापीठाचा असा अभ्यासक्रम पंधरा महिन्यांचा आहे. पण आत शिरण्याआधी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, असे कुठे पाच, कुठे आठ विषय पदरात पाडावे लागतात. तेही ताजे. कुणी म्हणतं पाच वर्षांच्या आतले, कुणी दहा. लोणच्याला नसेल इतकी मुदतीची काळजी तिथे मायक्रोबायॉलॉजीला आहे. काही खासगी विद्यापीठांची फी लाख डॉलरच्या पुढे जाते आणि जागांच्या मानानं अर्ज भरमसाठ येतात. बाकीचे लोक हे सगळं वाचून संगणक बंद करतात. ब्रदरनं एक्सेल उघडलं.

त्या एक्सेलचं दर्शन मला घडलं आहे. आडव्या ओळींत विद्यापीठं, उभ्या रकान्यांत अटी. हिरवा म्हणजे झालं, पिवळा म्हणजे चाललंय, लाल म्हणजे मॅथ्स थ्री. टेस्टरचा जीव, त्यामुळे प्रवेशाच्या नियमांतही तो बग शोधतो. एका विद्यापीठानं एका पानावर सात वर्षं आणि दुसऱ्या पानावर दहा वर्षं लिहिलेलं होतं. ब्रदरनं दोन्ही पानांचे फोटो जोडून प्रवेश कार्यालयाला पत्र पाठवलं. विषयाच्या जागी लिहिलं, 'गंभीर विसंगती, प्राधान्य एक'. त्यांनी आभार मानले आणि पान दुरुस्त केलं. दुरुस्तीत सात वर्षं उरली. ब्रदरचं संख्याशास्त्र आठ वर्षांपूर्वीचं होतं.

लोकांनी काय काय सुचवलं याची यादी करत नाही. मंडळात एक भूलतज्ज्ञ आहेत, ते वाटीत श्रीखंड घेऊन म्हणाले, "अरे, मग हेल्थकेअरमध्ये एम. बी. ए. कर ना." यावर ब्रदर गॅलपचा पाढा म्हणतो. गॅलप ही पाहणी करणारी संस्था अमेरिकनांना विचारते की कुठल्या पेशातली माणसं सर्वांत प्रामाणिक वाटतात, आणि १९९९ पासून नर्स दर वर्षी पहिल्या येतात. अपवाद फक्त २००१ चा. त्या वर्षी अग्निशमन दलाचे जवान पहिले होते. "आणि डॉक्टर कितवे?" भूलतज्ज्ञांनी हसत विचारलं. हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, हे ब्रदरला कळत नाही. त्यानं फोन काढून वर्षवार सांगितलं.

गॅलप संपलं की आनंदीबाई जोशी. याला निदान भूगोलाचा आधार आहे. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेत आल्या त्या न्यू जर्सीतल्या रोझेलला, कार्पेंटरबाईंच्या घरी. रोझेल आमच्यापासून गाडीनं अर्ध्या तासावर. तिथून त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या दफनभूमीत आहेत. इकडची माणसं देशातून आलेल्या पाहुण्यांना नायगारा दाखवतात, ब्रदर पकिप्सी दाखवतो. परतीच्या वाटेवर, टोलनाक्याच्या आसपास, त्याचा मुद्दा येतो: "बाईंनी कॉलेजला एक पत्र लिहिलं. एक! आणि मला सहा विद्यापीठांचे सहा निबंध, तीन शिफारसपत्रं आणि वर चारित्र्याचा दाखला."

शिफारसपत्रांपैकी एक शिक्षकाचं लागतं. इंजिनिअरिंगचे सर निवृत्त होऊन साताऱ्याला असतात. ते फोनवर प्रेमानं म्हणाले, "तूच लिहून पाठव, मी सही करतो." स्वतःबद्दल चांगलं लिहायचं म्हटल्यावर ब्रदरला 'आज्ञाधारक' यापलीकडे शब्द सुचेना. सीलबंद गुणपत्रिकांसाठी मेव्हण्याला विद्यापीठाच्या खिडकीवर उभं केलं, तर आतल्या माणसानं विचारलं, "सीलबंद म्हणजे? लाखेनं की डिंकानं?" त्या गुणपत्रिका इकडच्या मूल्यमापन संस्थेकडे गेल्या आणि चमत्कार झाला. आपल्याकडचा साठ टक्क्यांचा पहिला वर्ग तिच्या तक्त्यात 'ए' होऊन बाहेर पडला. ज्या गुणांवरून वडिलांनी आठवडाभर अबोला धरला होता, ते गुण त्यानं वीसेक वर्षांनी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. वडिलांचं उत्तर आलं, "मॅथ्स थ्रीचं काय झालं?"

अ‍ॅनाटॉमी त्यानं कम्युनिटी कॉलेजात केली. पहिल्या दिवशी एकोणीस वर्षांची पोरं त्याला पाहून गप्प झाली आणि वह्या उघडून बसली. हा मास्तर नव्हे, हे त्यांना खरा मास्तर आल्यावर समजलं. उन्हाळी सत्र म्हणजे नेमका श्रावण. घरात कांदा-लसूण बंद, आणि प्रयोगशाळेत ब्रदरच्या पुढ्यात ट्रेमध्ये मेंढीचं हृदय. वहिनींनी एकच अट घातली: गॅरेजमधून आत यायचं, सरळ न्हाणीघरात. ब्रदर मात्र खूश होता. हृदयाच्या झडपा बोटानं उघडून बघितल्याचं तो रात्री जेवताना सांगत असे. हात वीस सेकंद धुवायचे, त्यासाठी अमेरिकन पोरं वाढदिवसाचं गाणं दोनदा म्हणतात. हा शुभंकरोति म्हणायचा.

पण ब्रदर पाहावा तो नर्सिंग असिस्टंटचा कोर्स चालू असताना. प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव असला की अर्जाला वजन येतं, म्हणून शनिवार-रविवारचा हा कोर्स. न्यू जर्सीत तो नव्वद तासांचा असतो. त्यात एक कौशल्य असं, की रुग्ण पलंगावर असतानाच चादर बदलायची. सरावाला रुग्ण हवा. त्या सुमारास त्याची आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली होती. मी काही कामानं गेलो तेव्हा पाहुण्यांच्या खोलीत प्रयोग सुरू होता. पलंगाच्या एका बाजूला कठडा म्हणून जेवणाच्या खुर्च्या लावलेल्या, मधोमध आई उताणी, कपाळावर आठ्या.

ब्रदर बाहेर गेला, दारावर टकटक केली, आत आला. "नमस्कार. माझं नाव अमुक अमुक. मी आज तुमचा नर्सिंग असिस्टंट."

"मला नाव काय सांगतोस? बारशाला मी होते."

"आई, तसं म्हणावं लागतं. आता मी तुमची चादर बदलणार आहे."

"मग उठते की मी. बाजूला होते, घाल खुशाल."

"उठायचं नाही! तू पेशंट आहेस."

"मला काय झालंय?"

या प्रश्नाचं उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हतं. त्यानं आईला खुर्च्यांच्या बाजूला कुशीवर वळवलं, जुनी चादर गुंडाळत तिच्या पाठीपर्यंत नेली, नवी अर्धी अंथरली, मग त्या उंचवट्यावरून तिला अलगद अलीकडे घेतलं. एक हात खांद्याला, एक कमरेला, झटका नाही. पलीकडे जाऊन जुनी ओढून काढली, नवी ताणून बसवली. सुरकुती नाही. तोंडानं मात्र पायऱ्यांचे क्रमांक म्हणत होता, त्यामुळे आई हसायला लागली आणि अकराव्या पायरीला रुग्ण पलंगावर उठून बसला. "आजीला करायचास तेव्हा नाही असले आकडे म्हणायचास," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

मी विचारलं, आजीला म्हणजे? ब्रदर खुर्च्या जागेवर लावता लावता सांगत गेला, जसं कुणी पाणी कधी येतं ते सांगावं. अकरावीत असताना आजी दवाखान्यात होती. आईची शाळा, वडिलांची फिरती, म्हणून रात्रपाळी याची. वॉर्डातल्या सिस्टरनं त्याला शिकवलं होतं: दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. गजराचं घड्याळ उशाला घेतलं तर बाकीचे पेशंट उठतील, म्हणून हा जागाच राहायचा. फिजिक्सच्या वहीत वेळा मांडायचा. पाठीला शेवटपर्यंत एक ओरखडासुद्धा आला नाही, हे सांगताना त्याचा आवाज जरा चढला. टेस्टरचाच अभिमान तो, डिफेक्ट शून्य.

"हे लिहिलंस निबंधात?" मी म्हटलं.

"हे काय लिहायचं? हे कुणीही करतं."

निबंधाचा विषय सगळीकडे एकच असतो: नर्सिंगच का? ब्रदरच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: महाराष्ट्रातल्या एका लहान गावी, सुसंस्कृत मध्यमवर्गीय कुटुंबात माझा जन्म झाला. पुढे निर्व्यसनी, मनमिळाऊ, ट्रेकिंगची आवड. वहिनींनी वाचून शांतपणे सांगितलं की हाच मजकूर लग्नाआधी त्यांच्या वडिलांकडे टपालानं आला होता.

दुसऱ्या मसुद्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल आली. ती सगळ्यांच्याच येते. तिसऱ्यात गॅलप.

मुलगी अकरावीत आहे. तिचं स्वतःचं कॉलेज प्रवेशाचं पर्व सुरू असल्यामुळे ती या विषयातली घरातली अधिकारी. तिनं तिन्ही मसुदे वाचले आणि विचारलं, "बाबा, यात तुझं दुःख कुठाय?"

"दुःख? देवाच्या दयेनं काय कमी आहे आपल्याला?"

"आणि लहान गाव काय? तू मिरजेबद्दल तास तास बोलतोस."

पोरीचं बरोबर होतं. ज्या गावात डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं केलं, जिथे कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रुग्ण सतरंजी आणि स्टोव्ह घेऊन उतरतात, जिथे रिक्षावाला चेहरा बघून कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते ओळखतो, त्या गावचा माणूस नर्स व्हायला निघाला आणि त्यानं गावाचं नावसुद्धा लिहिलं नाही. का, तर ते त्यांना कुठे माहीत असणार. आपल्या पिढीला हा पेपर कधी शिकवलाच नाही. घरचं दुखणं चारचौघांत काढायचं नाही, केलेलं बोलून दाखवायचं नाही, यावर आपण वाढलो. आणि इथे दोन पानांत नेमकं तेवढंच मागतात. मला विचाराल तर मेंढीचं हृदय सोपं.

शेवटी आजी निबंधात आली, पण कशी, तर 'एका वयस्कर नातेवाइकाच्या शुश्रूषेत माझा सक्रिय सहभाग होता' अशी. मुलीनं ते खोडलं. त्यानं परत घातलं. अर्ज भरायच्या शेवटच्या रात्री दोघांत काय तह झाला मला ठाऊक नाही. फिजिक्सची वही राहिली, एवढं कळलं.

दोन ठिकाणांहून नकार आला, एका ठिकाणी प्रतीक्षा यादी, बाकीच्यांचं अजून काही कळलेलं नाही. प्रतीक्षा यादीतला आपला क्रमांक काय, अशी त्यानं विचारणा केली. कार्यालयानं कळवलं की यादीला क्रमांक नसतात. 'क्रमांक नसलेली यादी ही यादी नव्हे' असं सविस्तर उत्तर त्यानं लिहून काढलं होतं. वहिनींनी ते पाठवू दिलं नाही. एक्सेलमध्ये पुढच्या वर्षाचं पान उघडलं गेलं आहे आणि संख्याशास्त्राचा वर्ग परत सुरू झाला आहे.

आई आता मिरजेला परत गेली. दर रविवारी फोनवर विचारते, लागलं का नाव?

"वेटिंगला आहे, आई."

"कितवा नंबर?"

"नंबर सांगत नाहीत."

"असं कसं सांगत नाहीत? टीसीला गाठ की जाऊन!"